घड्याळाबरहुकूम येणारे दुखणे

‘डोकेदुखी’ हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. पाणीटंचाई ही नगरपालिकेची डोकेदुखी असते, बंडखोर उमेदवार ही पक्षाची आणि उनाड मुलगा ही आईबापांची. शब्द असा उठताबसता वापरला गेला की त्यामागच्या वेदनेचेही मोल उतरते. कचेरीत एखाद्या कारकुनाने ‘डोके दुखते आहे’ म्हणून रजा मागितली, तर साहेबाच्या चेहऱ्यावर अविश्वासाची छटा उमटते. वर्गातल्या विद्यार्थ्याने तेच सांगितले तर परीक्षा जवळ आल्याचा अर्थ काढला जातो. थोडा बाम, कपभर चहा आणि तासाभराची झोप एवढ्याने बहुतेकांचे काम भागते, हेही खरेच. परंतु याच सामान्य नावाखाली वावरणारे एक दुखणे असे आहे की माणसाला होऊ शकणाऱ्या तीव्रतम वेदनांमध्ये वैद्यकशास्त्र त्याची गणना करते. त्याचे नाव ‘क्लस्टर हेडेक’. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा नव्हे, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. तथापि या दुखण्यात वेदनेइतकाच प्रश्न माहितीच्या अभावाचा आणि त्यापायी होणाऱ्या अपव्ययाचा असल्यामुळे त्यावर चार शब्द लिहिणे अनाठायी ठरू नये.

बुटीबोरीत ‘क्लस्टर’ हा शब्द परका नाही. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर, हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गालगत वसलेल्या या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत तो एकजातीय उद्योगांच्या समूहासाठी वापरला जातो. डोकेदुखीच्या बाबतीत त्याचा अर्थ झुपका किंवा घोस असा घ्यावयाचा. हे दुखणे सुटे सुटे येत नाही. काही आठवडे, क्वचित दोन-तीन महिने, त्याचे हल्ले रोज किंवा दिवसाआड येत राहतात आणि मग एके दिवशी ते जसे आले तसे निघून जाते. मधले काही महिने, कधी वर्षेही, माणूस ठणठणीत असतो. पुष्कळांच्या बाबतीत हा मोसम दरवर्षी ठराविक महिन्यांतच उगवतो. दहांपैकी एखाद-दुसऱ्या रुग्णाच्या नशिबी मात्र ही उसंतही नसते. वर्षभरात सलग तीन महिन्यांचीही सुटी न देणाऱ्या या प्रकाराला ‘जुनाट’ म्हटले जाते.

दुखणे नवे नाही. १९२६ मध्ये इंग्लंडमध्ये विल्फ्रेड हॅरिस यांनी आणि १९३९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये बेयर्ड हॉर्टन यांनी त्याचे तपशीलवार वर्णन केले. (नागपूरकरांच्या ‘मेयो’शी या संस्थेचा नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही.) आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत सूर्याबरोबर चढणाऱ्या व उतरणाऱ्या ‘सूर्यावर्ता’चा स्वतंत्र उल्लेख आहे. सूर्यावर्त म्हणजेच हे दुखणे असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु डोक्याच्या काही व्यथा वेळेचे बंधन पाळतात, एवढे निरीक्षण आपल्या पूर्वसूरींनी निश्चितच केले होते. १९९८ साली लंडनमधील संशोधकांनी हल्ला चालू असताना मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा हायपोथॅलॅमस या भागात विशेष हालचाल आढळली. झोप आणि जाग यांचे घड्याळ चालविणारा भाग तोच. हे दुखणे रोज त्याच वेळी का उठवते, याचा धागा तेथे सापडतो.

आता लक्षणे पाहू. वेदना नेहमी एकाच बाजूला, डोळ्यामागे, भुवईवर किंवा कानशिलात उठते. पाच-दहा मिनिटांत ती शिगेला पोहोचते. तापलेली सळई डोळ्यात खुपसावी तशी, असे तिचे वर्णन रुग्ण करतात. उपचार न केल्यास ती पंधरा मिनिटे ते तीन तास टिकते. दिवसाआड एक येथपासून दिवसातून आठपर्यंत हल्ले येऊ शकतात. झोप लागल्यावर तासा-दीड तासाने, रात्री एक-दोनच्या सुमारास, माणूस खडबडून उठतो, आणि दुसऱ्या रात्री जवळजवळ त्याच मिनिटाला पुन्हा उठतो. ज्या बाजूला दुखते त्याच बाजूचा डोळा लाल होतो व पाझरतो, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते किंवा वाहू लागते, पापणी सुजते अथवा खाली लवते, बाहुली लहान होते, कपाळावर घाम येतो. आणि सर्वांत बोलके लक्षण म्हणजे अस्वस्थता. अर्धशिशीचा रुग्ण अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतो, हालचाल त्याला नकोशी होते. क्लस्टरचा रुग्ण मात्र एका जागी ठरत नाही. तो खोलीत येरझारा घालतो, पुढेमागे झुलतो, डोके दाबून धरतो, क्वचित भिंतीवर आपटतोही. घरातल्या माणसांनी एवढा एकच फरक ध्यानात ठेवला तरी निदानाचा निम्मा रस्ता सरला असे समजावे.

जगभरातील पाहण्यांवरून काढलेला ढोबळ अंदाज असा की हजारांत सुमारे एका माणसाला आयुष्यात केव्हातरी हे दुखणे गाठते. पुरुषांत ते अधिक, पण स्त्रियांना होत नाही असे मुळीच नाही. ‘हा पुरुषांचा रोग’ या समजुतीमुळे स्त्रियांचे निदान उलट अधिक लांबते. बहुधा ते वीस ते चाळीस या वयात सुरू होते, म्हणजे शिक्षण, नोकरी आणि संसार यांची घडी बसण्याच्या नेमक्या काळात.

असे ठळक लक्षण असूनही योग्य निदान व्हायला अनेकदा काही वर्षे लागतात. डोळ्यातून पाणी येते म्हणून चष्म्याचा नंबर बदलला जातो. नाक चोंदते म्हणून ‘सायनस’ ठरतो आणि प्रतिजैविकांचे डोस सुरू होतात. कळ जबड्यात उतरते म्हणून चांगला दातही काढला जातो. हल्ला आपल्या वेळी आपसूक थांबतो. मग शेवटी घेतलेली गोळी ‘लागू पडली’ असा समज होतो, आणि दुसऱ्या रात्री तो खोटा ठरतो. औद्योगिक वसाहतीत आणखी दोन गैरसमजांची भर पडते. वेल्डिंग करणाऱ्याचा डोळा रात्री लाल झाला की झोत लागला असे सारेच म्हणतात. परंतु झोताचा त्रास सहसा दोन्ही डोळ्यांना होतो आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. दुसरा गैरसमज अधिक क्रूर आहे. रात्रपाळीत एखादा कामगार लाल डोळ्याने, घामाघूम होऊन, यंत्र सोडून येरझारा घालताना दिसला, तर पर्यवेक्षकाच्या मनात प्रथम येणारी शंका दारूची असते. ज्याला त्या क्षणी मदतीची गरज असते त्याच्या हाती खुलासा मागणारी नोटीस पडावी, याहून मोठा अन्याय कोणता?

केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर एक गाजलेला निबंध लिहिला. इतर बाजारांत ग्राहक माल पारखून घेतो. वैद्यकीय सेवेत मात्र डॉक्टरला जे ठाऊक असते ते रुग्णाला नसते, आणि या विषमतेमुळे बाजाराचे नेहमीचे नियम तेथे लागू पडत नाहीत, हे त्यातील एक प्रमुख सूत्र. क्लस्टरच्या बाबतीत ही विषमता दुहेरी होते. दुखणे येते रात्री दोनला आणि बाह्यरुग्ण विभाग उघडतो सकाळी. डॉक्टरसमोर बसलेल्या माणसाचा डोळा पांढरा असतो, नाक मोकळे असते आणि डोके मुळीच दुखत नसते. तपासणीत काही सापडत नाही, आणि दुखणे ओळखण्यासाठी वेगळी रक्तचाचणी अस्तित्वात नाही. निदान उभे राहते ते केवळ रुग्णाच्या कथनावर. म्हणजे येथे निर्णायक माहिती रुग्णापाशी असते. पण ती माहिती आहे हेच त्याला ठाऊक नसते. ‘डॉक्टर, डोके फार दुखते’ एवढेच तो सांगतो, आणि दोन मिनिटांत गोळ्यांची चिठ्ठी घेऊन बाहेर पडतो.

यावरचा उपाय एका दहा रुपयांच्या वहीत आहे. तारीख, दुखणे सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, बाजू, डोळ्या-नाकाची स्थिती, त्या वेळी पडून राहवत होते की फिरावे लागत होते, आणि काय घेतल्याने काय झाले, असे सात रकाने आखावेत व पंधरा दिवस नोंद करावी. घरातील कोणी हल्ला चालू असताना मोबाइलवर चेहऱ्याचे छायाचित्र घेतले तर फारच उत्तम. हिशेबाच्या वहीत चूक जशी लपत नाही, तशी या वहीत दुखण्याची लय लपत नाही. ती वही टेबलावर ठेवली की दोन मिनिटांची भेटही सार्थकी लागते. प्रथम निदानाच्या वेळी मेंदूचा एमआरआय करून दुसरे काही कारण नाही ना याची खात्री बहुधा करून घेतली जाते. तो खर्च व्यर्थ नव्हे. व्यर्थ असतो तो त्यापूर्वी वर्षानुवर्षे चुकीच्या दाराशी केलेला खर्च.

येथे एक इशारा आवश्यक आहे. वही लिहीत बसण्याचे दुखणे कोणते आणि तत्काळ रुग्णालय गाठण्याचे कोणते, हा विवेक सुटता कामा नये. आयुष्यात कधी न झालेली वेदना क्षणार्धात वीज पडावी तशी उठली. तापाबरोबर मान ताठ झाली. हातपाय लुळे पडले, बोलणे अडखळले, दृष्टी गेली अथवा एकाची दोन दिसू लागली. शुद्ध हरपली किंवा झटके आले. डोक्याला मार लागल्यानंतर दुखू लागले. गरोदरपणी किंवा बाळंतपणानंतर नव्याने दुखू लागले. पन्नाशीनंतर प्रथमच अशी डोकेदुखी सुरू झाली. किंवा हल्ला संपल्यावरही पापणी लवलेली आणि बाहुली बदललेलीच राहिली, तर दुखण्याला नाव देण्याच्या फंदात न पडता डॉक्टरांकडे जावे. डोळा लाल होऊन दिव्याभोवती वलये दिसू लागली व नजर धूसर झाली, तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. त्यात काही तासांच्या विलंबाने दृष्टी जाऊ शकते.

उपचाराचे दोन भाग पडतात: आलेला हल्ला मोडणे आणि पुढचे हल्ले रोखणे. दुकानातून आणलेल्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या येथे जवळजवळ निरुपयोगी ठरतात, कारण त्या अंगी लागेपर्यंत हल्ला ओसरलेला असतो. त्या मूठमूठ खाल्ल्याने पोट व मूत्रपिंड मात्र बिघडते. हल्ला मोडण्याचे सिद्ध झालेले साधन म्हणजे सुमाट्रिप्टान या औषधाचे त्वचेखाली द्यावयाचे इंजेक्शन. ते बहुतेकांना पंधरा मिनिटांत आराम देते. परंतु हृदयविकार, पक्षाघात किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांना ते वर्ज्य आहे आणि दिवसाला दोनांपेक्षा अधिक घेऊ नये. दुसरे साधन आश्चर्य वाटावे इतके साधे आहे: शुद्ध प्राणवायू. लंडनमधील डॉक्टरांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत मिनिटाला १२ लिटर या वेगाने प्राणवायू दिला असता ७८ टक्के हल्ल्यांत पंधरा मिनिटांच्या आत पुरेसा आराम पडला. केवळ साधी हवा दिली तेव्हा हे प्रमाण २० टक्के होते.

प्राणवायूचे मोल नागपूरकरांना नव्याने सांगायला नको. एप्रिल २०२१ मध्ये विशाखापट्टणमहून निघालेल्या पहिल्या ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’चे तीन टँकर २३ तारखेच्या रात्री नागपुरात उतरले, तेव्हा साऱ्या शहराने सुटकेचा नि:श्वास टाकला होता. त्या संकटानंतर रुग्णालयांतून प्राणवायूची सोय वाढली. तरीही क्लस्टरच्या रुग्णाला तो मिळत नाही याचे कारण टंचाई नसून पद्धत आहे. नाकात घालायच्या बारीक नळीने त्याचे भागत नाही. तोंड व नाक घट्ट झाकणारा, पिशवी जोडलेला मास्क हवा, मिनिटाला १२ ते १५ लिटरचा वेग हवा, आणि हल्ला सुरू होताच, बसलेल्या स्थितीत, पंधरा-वीस मिनिटे तो घ्यावयास हवा. महामारीच्या काळात घरोघर आलेली पाच लिटरची कॉन्सन्ट्रेटर यंत्रे येथे अपुरी पडतात. हिशेब सोपा आहे: १२ लिटर गुणिले १५ मिनिटे म्हणजे १८० लिटर. सुमारे १५०० लिटरचा लहान ‘बी’ प्रकारचा सिलिंडर आठ हल्ल्यांना पुरतो. अर्थात हे सारे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच व्हावे. फुप्फुसाचा जुना विकार असणाऱ्यांना जादा प्राणवायू घातक ठरू शकतो. कारखान्यातील कापणी-जोडणीचा सिलिंडर यासाठी वापरण्याचा विचारही करू नये. आणि सिलिंडरजवळ विडी, समई, शेगडी किंवा तेल-ग्रीस यांना थारा नको.

पुढचे हल्ले रोखण्यासाठी मोसम सुरू होताच औषध चालू करावे लागते. त्यात व्हेरापामिल हे रक्तदाबासाठीही वापरले जाणारे जुने औषध पहिल्या पसंतीचे आहे. मात्र येथे त्याची मात्रा बरीच मोठी लागत असल्याने प्रारंभी आणि प्रत्येक वाढीच्या वेळी हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढणे अगत्याचे ठरते. त्याचा अंमल बसेपर्यंत काही दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा मानेमागच्या मज्जातंतूपाशी इंजेक्शन देतात. मधुमेही माणसाने स्टिरॉइड स्वतःच्या मनाने घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय. लिथियम हे दुसऱ्या फळीतले औषध. त्यासाठी रक्तातील प्रमाण, मूत्रपिंड व थायरॉइड यांवर लक्ष ठेवावे लागते. अमेरिकेत २०१९ साली गॅल्कॅनेझुमॅब या नव्या इंजेक्शनला मोसमी प्रकारासाठी मान्यता मिळाली. परंतु जुनी, बिनपेटंटची औषधे नीट वापरली तर बहुतेकांचे काम भागते. हे दुखणे मुळापासून उपटणारे औषध आज नाही, म्हणून तसे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींपासून खिसा सांभाळावा. मोसमात दारूचा एक घोटही तासाभरात हल्ला आणू शकतो. दुपारची डुलकी, रंग-पेट्रोल-द्रावकांचे उग्र वास यांनीही काहींना तो येतो. धूम्रपान सोडल्याने हल्ले थांबतीलच असे नाही, पण त्यासाठी निराळे कारण कशाला हवे?

येथे एक रास्त आक्षेप येईल. क्षय, रक्तक्षय, मधुमेह यांनी गांजलेल्या आपल्या देशात हजारांत एकाला होणाऱ्या दुखण्याचे एवढे कौतुक कशासाठी? अर्थशास्त्रात साधने मर्यादित असतात आणि निवड करावीच लागते, हे मान्य. पण येथे नव्या खर्चाची मागणी फारशी नाहीच. हजारांत एक म्हणजे दहा हजार माणसांच्या वस्तीत दहा. ही दहा माणसे आजही खर्च करीतच आहेत: चष्म्यावर, दातांवर, सायनसच्या छायाचित्रांवर, बुडालेल्या रोजावर. तो खर्च वाचवून त्याचा काही अंश योग्य ठिकाणी वळविणे एवढाच प्रश्न आहे. आणि ज्या रोगाचे निदान वहीने होते व ज्याचा हल्ला प्राणवायूने मोडतो, तो केवळ विरळा म्हणून उपेक्षित राहावा, याचे समर्थन कोणत्याही काटकसरीच्या तत्त्वाने होत नाही.

मग करावे काय? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात रुग्णोपचार कक्षाची तरतूद घालून दिली. त्या कक्षात योग्य मास्क व उच्च वेगाचा रेग्युलेटर असावा आणि रात्रपाळीच्या पर्यवेक्षकाला ही लक्षणे ठाऊक असावीत. कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगाराने, अंशदानाची अट पुरी होत असल्यास, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने मिळणारा आजारपणाचा लाभ मागावयास संकोचू नये. तो उपकार नव्हे, त्याच्या पगारातून कापल्या गेलेल्या पैशाचा परतावा आहे. मोसम चालू असताना सतत बदलणाऱ्या पाळीऐवजी स्थिर पाळी देणे कोणत्याही व्यवस्थापनाला जड जाऊ नये. मेंदूविकारतज्ज्ञाचा सल्ला हवा असेल तर नागपुरातील मेडिकलचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय बुटीबोरीहून तासाभराच्या अंतरावर आहे. शिक्षकांनी व कचेऱ्यांतील वरिष्ठांनी एवढेच करावे की एका डोळ्यातून पाणी गाळीत वर्गाबाहेर वा खोलीबाहेर पडणाऱ्याला ‘नाटक’ हे विशेषण लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: ‘रोज याच वेळी होते का?’

पाश्चात्त्य वैद्यकीय लेखनात या दुखण्याला ‘आत्महत्येची डोकेदुखी’ असेही एक भीषण नाव पडले आहे. ते येथे द्यावे की नाही असा विचार मनात येऊन गेला. पण ते लपवून घराघरांतील धोका टळत नाही. मोसमाच्या ऐन भरात माणूस रात्र पडण्याला भिऊ लागतो. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये, त्याच्या तोंडचे निरवानिरवीचे शब्द हसण्यावारी नेऊ नयेत, आणि गरज भासल्यास ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलून घ्यावे. हल्ला संपतो, मोसमही संपतो, आणि त्याला आळा घालणारी औषधे आहेत, या तीन गोष्टी जवळच्या माणसाने त्याला वारंवार सांगत राहणे हाही उपचाराचाच भाग आहे.

दुखण्याला नाव मिळाल्याने ते बरे होत नाही. परंतु नाव मिळताच रुग्णाचा ‘ढोंगी’ हा शिक्का पुसला जातो, चुकीच्या दारांवरची पायपीट थांबते आणि योग्य दाराची वाट सापडते. ही वाट दाखविण्यास मोठी पदवी लागत नाही. रात्री दोन वाजता शेजारच्या घरात दिवा लागतो, कोणी तरी येरझारा घालते, आणि दुसऱ्या रात्री त्याच वेळी तोच दिवा पुन्हा लागतो, हे ज्याने पाहिले त्याने सकाळी जाऊन विचारपूस करावी, एवढीच अपेक्षा आहे.